बाळसे आणि वजनकाटा

तार्नाक्याहून उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराकडे जाताना राष्ट्रीय पोषण संस्थेची इमारत लागते. हैदराबादेतील आपल्या पिढीच्या कितीतरी मराठी माणसांची हयात त्या रस्त्याने जाण्यायेण्यात गेली. परंतु या संस्थेने शंभराहून अधिक वर्षे जे काम केले, त्याचा आपल्या घरातील मुलांच्या ताटाशी किती जवळचा संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या संस्थेचा इतिहास एका अर्थी आपण मुलांकडे कसे पाहत आलो, त्यांचे आरोग्य कशावरून जोखत आलो, याचाच इतिहास आहे. तो पुन्हा चाळून पाहण्याचे कारण आजचे आहे. ज्या घरांत अन्नाची ददात नाही, त्या घरांतील दहा-बारा वर्षांचे मूल अंगाने स्थूल असते आणि त्याच्या रक्तात लोह मात्र कमी आढळते. आजी-आजोबांना हे खरे वाटत नाही. भरल्या अंगाच्या मुलाला कशाची कमतरता असणार, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न आपल्याला स्वाभाविक का वाटतो, ते शोधू लागले म्हणजे वाट थेट निलगिरीच्या डोंगरात जाते.

१९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतील एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टराने बेरीबेरी या रोगाच्या चौकशीचे काम सुरू केले. त्याआधी गिलगिट-चित्राळकडे असताना गलगंडाच्या अभ्यासाने त्यांचे नाव झालेले होते. कुन्नूरची ती एक खोली पुढे वाढत गेली, तिची ‘न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज’ झाली आणि मॅककॅरिसन तिचे पहिले संचालक झाले. १९२० च्या दशकातील त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. उंदरांचे सात गट करून प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका समाजाचा आहार देण्यात आला : शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. काही महिन्यांनी उंदरांची वजने घेतली, तेव्हा क्रमही हाच लागला. शिखांचे ताट पहिले आणि मद्राशांचे शेवटचे. मराठा ताटाचा नंबर तिसरा. आपल्या वाचकांना हा तिसरा क्रमांक वाचून थोडे बरे वाटेल, आणि वाटायला हरकतही नाही. वरच्या ताटांत कोंड्यासकट दळलेले धान्य, दूध आणि भाजीपाला होता. खालच्या ताटांत सडीक तांदूळ होता आणि दूध नावापुरते.

याच मालिकेत त्यांनी आणखी एक ताट मांडले होते, ते इंग्लंडमधील गरिबांचे : पांढरा पाव, मार्गारीन, भरपूर साखरेचा चहा, उकडलेल्या भाज्या, डब्यातले मांस आणि जॅम. त्यावर पोसलेले उंदीर खुरटे राहिलेच, शिवाय चिडखोर झाले, एकमेकांना चावू लागले आणि शेवटी दुबळ्यांना मारून खाऊ लागले. पांढऱ्या पावाचे आणि जॅमचे ते ताट आज कोणाच्या शाळेच्या डब्यात दिसते, हे निराळे सांगायला नको.

मॅककॅरिसन उंदरांची आतडी, फुप्फुसे, मूत्रपिंडे सगळे तपासत असत. केवळ वजनावर विसंबणारे ते नव्हते. परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो वजनांचा क्रम. वजन हे माप सोपे असते, काट्यावर ठेवले की कळते, आणि ज्या देशात बहुसंख्य मुले भुकेली होती त्या देशात ते बऱ्याच अंशी खरेही बोलत होते.

मॅककॅरिसन यांच्या मूळ कामाचा, म्हणजे बेरीबेरीचा, विषय मात्र वजनाच्या पलीकडचा होता. उत्तर सरकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंध्र किनारपट्टीत हा रोग ठाण मांडून होता. गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ हे तिथले मुख्य अन्न. तांदळावरचा कोंडा निघून गेला की त्याच्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व जाते आणि पोटभर भात खाणाऱ्या माणसाचे पाय लुळे पडतात. पोट भरलेले असताना शरीर उपाशी राहू शकते, ही गोष्ट त्या वेळीच सिद्ध झाली होती. कोंड्याबरोबर लोह, जस्त, मॅग्नेशियम हेही जातात. परंतु त्यांच्या अभावाने पाय लुळे पडत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. मॅककॅरिसन यांच्यानंतर आलेल्या वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पहिली कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत कॅल्शियम, फॉस्फरस आणि लोहाचे रकाने होते. आज घरोघरी आहारतज्ज्ञ जे तक्ते देतात, त्यांचे मूळ त्या पुस्तिकेत आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास संस्थेची सूत्रे डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्याकडे आली आणि १९५८ साली, त्यांच्याच कारकिर्दीत, संस्था कुन्नूरहून हैदराबादेत आली. राज्य पुनर्रचना होऊन दोनच वर्षे झाली होती. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकचा भाग एकाच ज्वारीच्या भाकरीवर पोसणारे जुने संस्थान तीन राज्यांत वाटले गेले होते. १९६९ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले.

तो काळ प्रथिनांचा होता. जगातील मुलांच्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे, असे आंतरराष्ट्रीय संस्थांना वाटत होते आणि माशांच्या भुकटीपासून तेलबियांच्या पेंडीपर्यंत नाना उपाय सुचवले जात होते. या समजाला धक्का देणाऱ्यांत दोन भारतीय अग्रभागी होते. एक, सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे. रोमच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दोन दशके काढली आणि आकडेवारीच्या आधारे असे दाखवले, की पोटभर खाणाऱ्या माणसाची प्रथिनांची गरज बहुधा भागलेली असते. खरा तुटवडा पोटभर अन्नाचाच आहे. दुसरे हैदराबादच्या संस्थेचे संचालक डॉ. सी. गोपालन. (पुढे याच दोघांचे, माणसाला किमान किती उष्मांक लागतात यावरून, चांगलेच मतभेद झाले, तो वाद आजही वाचण्यासारखा आहे, पण येथे त्याचे कारण नाही.)

गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू वाटतो. हैदराबादच्या आसपासच्या खेड्यांतील लहान मुलांना त्यांनी चौदा महिने रोज घरच्या जेवणाव्यतिरिक्त एक गोड वडी दिली. तिच्यात २३ ग्रॅम गव्हाचे पीठ, ३५ ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम तेल होते. उष्मांक ३१०, प्रथिने अवघी ३ ग्रॅम. ही वडी खाणाऱ्या मुलांचे वजन आणि उंची इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढली. प्रथिनांची भुकटी लागली नाही, दूध लागले नाही. भुकेल्या मुलाला आणखी थोडे अन्न मिळाले आणि ते वाढले. निष्कर्ष बिनतोड होता. त्या मुलांसाठी ती वडी अमृतच होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

पण त्या वडीतले जिन्नस पुन्हा वाचून पाहावेत. मैद्याच्या जवळचे पीठ, साखर, तेल. पुढल्या तीस वर्षांत हेच तीन जिन्नस चकचकीत वेष्टनात घालून कारखान्यांनी गल्लीबोळांत पोहोचवले. फरक इतकाच, की आता ती वडी खाणारे मूल भुकेले नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी आली, तिच्याबरोबर छताला टांगलेला काटा आला आणि रंगीत पट्ट्यांचा वाढीचा तक्ता आला. वयाच्या मानाने वजन किती, यावरून मुलाची श्रेणी ठरू लागली. खालच्या पट्ट्यातले मूल ओळखून त्याचा जीव वाचवणे हे त्या काट्याचे काम होते आणि ते त्याने केले. वरच्या बाजूला त्या तक्त्यात धोक्याची रेघ नव्हती. तशी कोणाला गरजही वाटली नव्हती.

आपल्यासारख्या पांढरपेशा घरांत अंगणवाडी आली नाही, पण तिचा काटा मनात येऊन बसला. मुलाचे वजन भरत नाही, ही घराघरांतील चिंता झाली. मंडळांच्या सुदृढ बालक स्पर्धांत सर्वांत गुबगुबीत मूल बक्षीस घेऊन जाऊ लागले. दुधात कोणती पूड घालावी, यावर चर्चा होऊ लागल्या. मुळात मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत! ‘बाळसे धरणे’ हे तान्ह्या मुलासाठी आहे आणि ‘अन्न अंगी लागणे’ हे सर्वांसाठी. बाळसे हे तान्हेपणाचे लेणे, ते पुढे उतरायचेच असते. १९८४ साली फ्रान्समधील रोलाँ-काशेरा या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हेच आकड्यांनी दाखवले. मुलाच्या अंगावरची चरबी पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत वाढते, नंतर कमी होत जाते आणि साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा वाढू लागते. ही दुसरी वाढ जितकी लवकर सुरू होईल, तितका पुढे स्थूलतेचा धोका अधिक. म्हणजे चार वर्षांचा नातू अगदी काडी झाला म्हणून आजी ज्या काळात कासावीस होते, नेमके त्याच काळात निसर्गाने त्याला काटक ठेवलेले असते. आणि त्याच काळात आपण त्याच्या मागे वाटी-चमचा घेऊन धावतो.

ताटही बदलत होते. मी राज्य सरकारच्या नोकरीत लागलो तेव्हा १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने सुरू केलेली दोन रुपये किलो तांदळाची योजना नवी होती. गरिबाच्या घरी दोन वेळची चूल त्या तांदळाने पेटवली, हे मी शिधापत्रिकांच्या रांगांत प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याचबरोबर आदिलाबादकडच्या मराठी गावांतही पाहुण्याला भाकरी वाढणे कमीपणाचे होऊ लागले. शहरातील आपल्या घरांना रेशनच्या तांदळाची गरज नव्हती, परंतु भाकरी थापणाऱ्या हातांची पिढी सरत चालली होती आणि कुकरचा भात सोयीचा होता. संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, तर सडलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमहूनही कमी. मॅग्नेशियम ज्वारीत १३० मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात जेमतेम २०. नाचणीत कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या घरात आहे आणि तांदळात आठही नाही. कोष्टकातले सगळेच शरीरात जिरत नाही, हे खरे; धान्यातील फायटेट नावाचे द्रव्य लोह-जस्ताला धरून ठेवते. परंतु मोड आणल्याने ते कमी होते आणि लिंबाच्या आंबटपणाने लोह अधिक शोषले जाते. नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या आणि उसळीवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आज्यांना फायटेट हे नाव ठाऊक नव्हते, इतकेच.

आता स्थूल मुलाच्या रक्तातील लोहाकडे वळतो. ही गोष्ट नवी आहे असे अनेकांना वाटते. वास्तविक १९६२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हार्वर्डच्या जाँ मायेर आणि सहकाऱ्यांनी स्थूल किशोरवयीनांच्या रक्तात लोह कमी असल्याचे नोंदवले होते. ही नोंद चाळीस वर्षे जवळजवळ पडून राहिली. मुले निकस अन्न खात असतील, असा साधा तर्क करून तज्ज्ञ पुढे गेले. २००० च्या सुमारास यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि कोडे उलगडू लागले. आतड्यातून लोह रक्तात सोडायचे की नाही, याचा दरवाजा हेप्सिडिनच्या हाती असतो. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तेव्हा ते हा दरवाजा लावून घेते, जेणेकरून जंतूंना लोह मिळू नये. अंगावरची जादा चरबी, विशेषतः पोटातली, मंद पण अखंड दाह निर्माण करते. शरीराला शत्रू आल्याचा भास होतो आणि दरवाजा बंदच राहतो. पालक, खजूर, अहळीव सगळे खाऊनही मुलाला त्यातले लोह पुरेसे मिळत नाही. भरीस भर म्हणून अशा दाहात रक्तातील फेरिटिनचा आकडा वर जातो, त्यामुळे तपासणीच्या कागदावर लोहाचा साठा ठीक दिसतो. स्थूल मुलाचा अहवाल वाचताना डॉक्टर आणखी एखादी चाचणी सांगतात, ती या कारणाने; आणि घरच्या घरी लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, त्याचेही कारण हेच.

मॅग्नेशियमचे असेच आहे. इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचण्यासाठी ते लागते. २००५ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात स्थूल मुलांच्या रक्तात ते कमी आढळले आणि जितके कमी, तितकी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक. जस्ताचे नाते तर इन्शुलिनच्या जन्मापासूनचे : स्वादुपिंडात इन्शुलिन साठवले जाते ते जस्ताच्या अणूंभोवती गुंफून. मात्र खनिजांच्या नावाने होणाऱ्या बाजारापासून सावध राहिले पाहिजे. १९५९ मध्ये क्रोमियमचा साखरेशी संबंध जोडला गेला, त्याच्या गोळ्यांचा मोठा व्यापार उभा राहिला आणि २०१४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने क्रोमियम आवश्यक असल्याचा पुरेसा पुरावाच नाही, असे म्हटले.

या इतिहासाचा पुढचा अध्याय पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घडला. त्याआधी इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी असे दाखवले होते, की जन्मतः आणि पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्यांना प्रौढपणी हृदयविकार अधिक होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये खेड्यांतील शेतकरी स्त्रियांचा, गर्भधारणेच्या आधीपासून, अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा इंग्रज बाळ सरासरी साडेतीन किलोचे आणि आपले २.७ किलोचे. दंड, पोट, डोके सगळेच लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. २००३ मध्ये याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि ‘हडकुळे पण चरबीचे’ भारतीय बाळ जगाच्या वैद्यकात दाखल झाले. पुढच्याच वर्षी याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच दाखला दिला : उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांना एकाच काट्यावर उभे केले असते तर काट्याला काही कळले नसते.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच अभ्यासातला २००१ चा निष्कर्ष. बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती उष्मांक वा किती प्रथिने खाल्ली, याच्याशी फारसा लागला नाही. तो लागला पालेभाज्या, दूध आणि फळे यांच्याशी. पन्नास वर्षे चाललेला प्रथिने की उष्मांक हा वाद ज्या राज्यातल्या सुखात्म्यांनी गाजवला, त्याच राज्यातल्या खेड्यांनी त्याला असे तिसरेच उत्तर दिले. २००८ मध्ये आणखी एक नोंद झाली. निम्म्याहून अधिक आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले. ब-१२ च्या रेणूच्या गाभ्यात कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो. शाकाहारी घरांना ते मिळते मुख्यतः दूध-दही-ताकातून. मुलाच्या ताटातले ताक जाऊन तिथे रंगीत सरबताची बाटली येते, तेव्हा साखर वाढते आणि हे कमी होते.

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने एक लाखाहून अधिक मुलांचे व्यापक पोषण सर्वेक्षण केले आणि त्यांतील अनेकांचे रक्तही तपासले. दहा ते एकोणीस या वयोगटात जादा वजनाची मुले ५ टक्के निघाली. रक्तक्षय २८ टक्क्यांना होता आणि जस्ताची कमतरता ३२ टक्क्यांना. मधुमेहाच्या उंबरठ्यावर मात्र १० टक्के मुले होती. मी कार्यालयात आयुष्यभर तक्ते वाचले, पण या दोन आकड्यांपाशी, ५ आणि १०, बराच वेळ थांबलो. जी मुले काट्यावर लठ्ठ ठरली ती सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत असे धरले, तरी तितकीच आणखी मुले उरतात. ती मुले शाळेच्या वर्गात किडकिडीत म्हणून किंवा ठीकठाक म्हणून बसलेली असतात आणि घरी त्यांना कोणी आणखी एक चमचा साखर घालून दूध देत असते.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे नाही. २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरपर्यंत जादा चरबी, साखर, मीठ असलेल्या पदार्थांच्या विक्रीला बंदी केली आहे. पन्नास मीटर म्हणजे फाटकासमोरच्या रस्त्याची पलीकडची बाजू. एक्कावन्नाव्या मीटरवर काय असते, ते नातवंडांना शाळेतून आणायला जाणाऱ्या आजोबांना विचारावे.

पुण्यात मात्र गोष्ट पुढे सरकली आहे. १९९० च्या दशकात ज्यांच्या पाठीवरची चरबी चिमटीत धरून मोजली होती, त्या बाळांच्या वाढीवर संशोधकांनी पुढेही लक्ष ठेवले. २०१२ पासून त्यांतील किशोरवयीन मुलामुलींवर एक चाचणी सुरू झाली. काहींना ब-१२, काहींना त्यासोबत इतर जीवनसत्त्वे आणि खनिजे, आणि काहींना नुसती साधी गोळी. त्यातल्या मुलींची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, आणि आईला गर्भधारणेच्या कितीतरी आधीपासून काय मिळाले होते, त्याची नोंद समोर ठेवून या तिसऱ्या पिढीच्या बाळांचीही मोजमापे घेण्यात आली.